सगळे सामने जिंकून पाचवा नंबर: बॉयसी स्टेट, ओक्लाहोमा आणि अमेरिकेतली 'बाऊल' भानगड

2006 च्या मोसमात बॉयसी स्टेट विद्यापीठाचा अमेरिकी फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन खेळतात तो, सॉकर नव्हे) संघ 13 सामने खेळला आणि तेराही जिंकला. शेवटचा विजय तर ओक्लाहोमावरचा, म्हणजे सात वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या विद्यापीठावरचा. त्या वर्षी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत एकही सामना न हरलेला दुसरा संघ उरला नव्हता. मोसम संपला, अंतिम क्रमवारी लागली. बॉयसी स्टेट पाचवे.

हे ऐकून कुणीही विचारेल, "मग फायनल कुणी जिंकली?" फायनल झाली होती. पण तिथे कुणी खेळायचं हे मतदानाने आणि संगणकाने आधीच ठरवून टाकलं होतं, आणि बॉयसीचं नाव त्यात नव्हतं. त्यांच्या वाट्याला आला 'फिएस्टा बाऊल' नावाचा सामना, 1 जानेवारी 2007 रोजी, अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेल गावच्या नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये. कॉलेज फुटबॉल ही काय चीज आहे आणि तिथला हिशोब आपल्याला इतका चमत्कारिक का वाटतो, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला सामना मला तरी माहीत नाही.

आधी बाऊल म्हणजे काय ते बघू. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात नववर्षाच्या दिवशी फुलांनी सजवलेल्या रथांची मिरवणूक निघायची, अजूनही निघते. बाकी अमेरिका बर्फाखाली गारठलेली असताना आमच्याकडे गुलाब फुललेत बघा, हे दाखवायचा हा गावाचा उत्सव. 1902 साली आयोजकांनी त्याला एक फुटबॉलचा सामना जोडला. मिशिगनने स्टॅनफर्डला 49-0 असं धुतलं, आणि वेळ शिल्लक असतानाच स्टॅनफर्डने 'पुरे झालं' म्हणून मैदान सोडलं. पुढची बरीच वर्षं आयोजकांनी फुटबॉलचं नाव काढलं नाही. त्याऐवजी रोमन थाटाच्या रथांच्या शर्यती लावल्या. 1916 मध्ये फुटबॉल परत आला, गर्दी वाढली, 1920 च्या दशकात वाडग्याच्या आकाराचं मोठं स्टेडियम बांधलं गेलं. त्याचं नाव रोझ बाऊल, आणि त्यावरून सामन्याचंही.

मग इतर उबदार गावांनी तेच केलं. 1935 मध्ये मायामीत ऑरेंज बाऊल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बाऊल, 1937 मध्ये डॅलसला कॉटन बाऊल. संत्री, साखर, कापूस: जे पिकतं त्याचंच नाव. मंदीचा काळ होता, जानेवारीत हॉटेलं भरायला हवी होती, आणि दोन लांबच्या विद्यापीठांचे हजारो पाठीराखे आठवडाभर गावात येऊन खर्च करणार होते. फिएस्टा बाऊल त्या मानाने धाकटा, 1971 सालचा.

आपल्याला हे समजायला सोपं जावं. गावच्या जत्रेतला कुस्तीचा फड आठवा. यात्रा कमिटी दोन नावाजलेले मल्ल बोलावते, जोड लावते, इनाम ठरवते. शेवटची कुस्ती बघायला पंचक्रोशी लोटते. पण ती जिंकली म्हणून कुणी महाराष्ट्र केसरी होत नाही. त्यासाठी वेगळी स्पर्धा आहे, तिथे एकेक फेरी मारून वर यावं लागतं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये शंभर वर्षं नुसते फडच होते. केसरीची स्पर्धा नव्हतीच.

मग राष्ट्रीय विजेता कोण, हे कसं ठरायचं? पत्रकारांना विचारून. 1936 पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडा पत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी लावते. यातला सगळ्यात अजब भाग असा, की 1967 च्या मोसमापर्यंत (मधलं 1965 चं एक वर्ष सोडलं तर) ही अंतिम क्रमवारी बाऊल सामन्यांच्या आधीच जाहीर व्हायची. म्हणजे डिसेंबरात विजेता म्हणून मिरवायचं, आणि जानेवारीत बाऊल हरला तरी मुकुट डोक्यावर कायम! बाऊल हा मौजेचा सामना, त्याने काही ठरत नाही, असंच सगळ्यांच्या डोक्यात होतं. प्रशिक्षकांचं मतदान वेगळं चालायचं, आणि दोन्हींचं जमलं नाही की एका वर्षी दोन विजेते. 1997 मध्ये पत्रकारांनी मिशिगनला निवडलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोन्ही विद्यापीठं आजही ते वर्ष आपलंच म्हणतात.

या गोंधळावर तोडगा म्हणून 1998 मध्ये 'बाऊल चॅम्पियनशिप सिरीज' नावाची व्यवस्था आली. तिथले लोक तिला नुसतं बीसीएस म्हणायचे. मतदान आणि संगणकाची गणितं एकत्र करून पहिले दोन संघ निवडायचे, त्यांना अंतिम सामना खेळवायचा, आणि रोझ, शुगर, ऑरेंज, फिएस्टा या मोठ्या बाऊलच्या जागा उरलेल्यांत वाटायच्या. वाटण्या मात्र सरळ नव्हत्या. अमेरिकेत विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. त्यातल्या सहा बड्या गटांच्या विजेत्यांना मोठ्या बाऊलची जागा राखीव. बाकीच्यांनी दारात उभं राहायचं.

बॉयसी स्टेट ही त्या दारातली मंडळी. आयडाहो हे बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेलं डोंगराळ राज्य, बॉयसी ही त्याची राजधानी. 1960 च्या दशकापर्यंत हे दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज होतं. सगळ्यात वरच्या श्रेणीत ते आलं 1996 मध्ये. देशात त्यांची ओळख काय, तर 1986 पासून त्यांच्या मैदानावरचं कृत्रिम गवत निळंशार आहे. टीव्हीवर पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, सेटचाच रंग बिघडला.

मोठ्या संघांचं म्हणणं होतं, हे लोक जिंकतात खरे, पण खेळतात कुणाशी? लिंबूटिंबूंशी. यात तथ्य होतं. पण बॉयसीने मोठ्या संघांना 'या आमच्या मैदानावर' म्हटलं, तर येणार कोण? हरलो तर नाचक्की, जिंकलो तर कौतुक शून्य. म्हणजे मोठ्यांशी खेळला नाहीत म्हणून किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून मोठे खेळणार नाहीत. या चक्रातून संघ स्वतःच्या पायांनी बाहेर पडूच शकत नव्हता. खटपटी झाल्या, अमेरिकी संसदेत सुनावण्या झाल्या, तेव्हा कुठे 2006 च्या मोसमापासून नियम थोडा सैल झाला: छोट्या गटाचा विजेता क्रमवारीत पहिल्या बारांत असेल, तर त्याला मोठ्या बाऊलमध्ये घ्यायचं. बॉयसी त्याच फटीतून ग्लेनडेलला पोचलं.

आता सामना. पण त्याआधी चार नियम, तेवढे पुरतात. मैदान 100 यार्डांचं. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्न मिळतात, तेवढ्यात 10 यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न. या प्रत्येक प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. 'चौथा डाउन आणि 18' म्हणजे शेवटची संधी आणि अजून 18 यार्ड बाकी, थोडक्यात, आशा सोडा. टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, 6 गुण. त्यानंतर बोनसची एक संधी: लाथेने चेंडू खांबांमधून मारला तर 1 गुण, आणि तो जवळजवळ नेहमीच मिळतो. किंवा तीन यार्डांवरून एकाच प्रयत्नात पुन्हा पट्ट्यात घुसून दाखवलं तर 2 गुण. हे दोनवालं प्रकरण निम्म्याहून जास्त वेळा फसतं, त्यामुळे प्रशिक्षक सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. आणि शेवटचं म्हणजे चेंडू पुढे फेकायला बंधनं आहेत, पण मागे किंवा आडवा कितीही वेळा देता येतो.

बॉयसीचे प्रशिक्षक ख्रिस पीटरसन, मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष. ओक्लाहोमाचे बॉब स्टूप्स, 2000 सालचं राष्ट्रीय विजेतेपद नावावर असलेले. ओक्लाहोमाकडे एड्रियन पीटरसन हा चेंडू घेऊन पळणारा खेळाडू होता, जो नंतर व्यावसायिक लीगमध्ये आपल्या पिढीतला सर्वोत्तमांपैकी एक ठरला. खांद्याजवळचं हाड मोडून तो दोनेक महिने बाहेर होता आणि या सामन्यासाठी परतला होता. (आडनाव सारखं असलं तरी प्रशिक्षकाशी नातं नाही. पुढे गोंधळ नको म्हणून खेळाडूला नुसतं एड्रियन म्हणू.)

तिसऱ्या सत्रात बॉयसी 28-10 असं पुढे होतं. इथे सामना संपला असता तर 'छान खेळली पोरं' म्हणून लोक विसरून गेले असते. पण मोठा संघ हळूहळू अंगावर यायला लागला. भारी अंगाचे खेळाडू, बाकावर तितकेच दमदार राखीव. खेळ जितका लांबतो तितकं पारडं त्यांच्याकडे झुकतं. 1 मिनिट 26 सेकंद शिल्लक असताना ओक्लाहोमाने टचडाउन केला आणि बरोबरीसाठी दोन गुणांचा प्रयत्न केला. तो फसला, पण बॉयसीने नियम मोडल्याचं निघालं. पुन्हा प्रयत्न, साधला, पण आता ओक्लाहोमाची चूक. तिसऱ्यांदा प्रयत्न, आणि साधला. 28-28.

बॉयसीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली चालवणारा मुख्य खेळाडू, जॅरेड झब्रान्स्की. त्याने पुढच्याच चालीत चेंडू फेकला तो थेट ओक्लाहोमाच्या मार्कस वॉकरच्या हातात. वॉकर तसाच पळत सुटला आणि टचडाउन. 35-28, मिनिटभर उरलं. रात्रभर पुढे असलेला संघ 24 सेकंदांत मागे पडला होता.

मग 18 सेकंद उरले असताना मैदानाच्या बरोबर मध्यावर तो 'चौथा डाउन आणि 18' आला. बॉयसीच्या वहीत या वेळेसाठी एक चाल होती, तिचं नाव 'सर्कस'. झब्रान्स्कीने चेंडू ड्रिसन जेम्सकडे फेकला, साधारण पंधरा यार्ड पुढे. जेम्सने तो धरला आणि मैदानाच्या मधोमध धाव घेतली. ओक्लाहोमाचे सगळे त्याच्यावर झेपावले. साहजिकच आहे, त्याला 18 यार्डांच्या आत पाडलं की खेळ खल्लास. त्यांच्या नजरा जेम्सवर खिळलेल्या असताना उलट दिशेने जेरार्ड रॅब पळत आला, जेम्सने जाता जाता चेंडू त्याच्या हातात सोडला, आणि रॅबसमोर अख्खी कडेची पट्टी मोकळी. शेवटच्या पावलांना बचावपटू आडवा आला तेव्हा त्याने सरळ सूर मारला. घड्याळात 7 सेकंद. 35-35. शेवटच्या 86 सेकंदांत दोन्ही संघांनी मिळून 22 गुण केले होते.

कॉलेज फुटबॉलमधला जादा वेळ वेगळा असतो. घड्याळ नसतं. प्रतिस्पर्ध्याच्या 25 यार्डांवरून प्रत्येक संघाला आळीपाळीने एकेक संधी, आणि दोघांची झाल्यावर ज्याचे गुण जास्त तो जिंकला. ओक्लाहोमाची पाळी आधी आली. चेंडू एड्रियनकडे दिला, पहिल्याच चालीत तो 25 यार्ड पळत पट्ट्यात. 42-35.

बॉयसी रखडत रखडत पुन्हा चौथ्या डाउनवर आलं, दोन यार्ड हवे होते. झब्रान्स्की चेंडू घ्यायच्या जागेवरून बाजूला चालायला लागला, जणू तो या चालीत नाहीच. चेंडू थेट गेला विनी पेरेटाकडे. पेरेटा हा पळणारा आणि चेंडू झेलणारा खेळाडू, फेकणं हे त्याचं कामच नव्हे. त्याने फेकला, डेरेक शूमनने पट्ट्यात झेलला. 42-41.

आता पीटरसनसमोर प्रश्न होता. लाथ मारून 1 गुण घ्यायचा, बरोबरी करायची, आणि जादा वेळाची दुसरी फेरी खेळायची? की दोन गुणांसाठी जायचं, म्हणजे याच चालीवर जिंकायचं किंवा हरायचं? रूढ शहाणपण सांगतं, 1 घ्या. माझ्या मते त्यांनी अगदी योग्य हिशोब केला. आणखी फेऱ्या म्हणजे दमलेल्या बचावफळीसमोर पुन्हा पुन्हा एड्रियन. लांबणारा सामना ओक्लाहोमाचा. एका चालीचा सामना कुणाचाही. त्यांनी दोनाला हात घातला.

चालीचं नाव 'स्टॅच्यू लेफ्ट'. फुटबॉलमध्ये शंभरेक वर्षं जुनी 'स्टॅच्यू ऑफ लिबर्टी' नावाची हुलकावणी आहे, शाळकरी पोरांच्या सामन्यात शोभावी अशी. उजव्या बाजूला तीन खेळाडू उभे केले, म्हणजे चेंडू तिकडेच फेकणार असं वाटावं. झब्रान्स्कीने चेंडू घेतला, उजवा हात उगारून तिकडे फेकल्यासारखं केलं. हात रिकामा होता. चेंडू डाव्या हातात, पाठीमागे धरलेला. मागून आलेल्या इयन जॉन्सनने तो अलगद काढून घेतला आणि डावीकडून, जिथे अडवायला जवळपास कुणी उरलंच नव्हतं, पट्ट्यात शिरला. 43-42. पुढच्या काही मिनिटांत, टीव्हीचा कॅमेरा समोर असतानाच, त्याने गुडघ्यावर बसून संघाच्या चिअरलीडर असलेल्या आपल्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली. ती हो म्हणाली. (पटकथेत कुणी हे लिहिलं असतं तर दिग्दर्शकाने खोडलं असतं.)

आठवड्याभराने फ्लोरिडाने ओहायो स्टेटला 41-14 हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. त्या वर्षी एक सामना हरलेल्या फ्लोरिडाला असोसिएटेड प्रेसच्या अंतिम मतदानात 65 पैकी 64 पहिल्या पसंतीची मतं मिळाली. उरलेलं एक बॉयसीला.

फ्लोरिडा अधिक बलवान होती का? बहुधा हो. बॉयसीशी झुंज झाली असती तर मीही फ्लोरिडावरच पैज लावली असती. पण 'बहुधा' या शब्दावर विजेता ठरवायचा असेल तर सामने खेळवायचेच कशाला? तसं पाहिलं तर ओक्लाहोमाही बहुधाच जिंकणार होती.

पुढे 2009 च्या मोसमात बॉयसी स्टेट 14 पैकी 14 जिंकलं, आणि चौथं आलं. त्या वेळी तर आणखी गंमत. टेक्सास क्रिश्चन हेही छोट्या गटातलं अपराजित विद्यापीठ होतं, आणि फिएस्टा बाऊलवाल्यांनी या दोघांचीच जोड लावली. म्हणजे दारातल्या दोघांना एकमेकांशी भिडवलं. आतल्या बड्यांपैकी कुणाला पुन्हा तोंड काळं करून घ्यायची भीती उरली नाही. बॉयसी 17-10 जिंकलं, आणि त्यातून काही सिद्ध झालं असं कुणी मानलं नाही.

बीसीएस अखेर 2014 मध्ये गुंडाळली. तिच्या जागी चार संघांची बाद फेरी आली. संघ निवडायला संगणक गेला आणि समिती आली. छोट्या गटांना तिथेही शिरकाव अवघडच: दहा वर्षांत सिनसिनाटी हा एकच संघ आत गेला, 2021 च्या मोसमात, आणि अलाबामाकडून 27-6 हरून बाहेर आला. 2024 पासून बाद फेरीत बारा संघ घेतात आणि जुने नामांकित बाऊल आता तिच्याच उपांत्यपूर्व आणि उपांत्य लढती म्हणून आळीपाळीने खेळवले जातात.

बाकीचे बाऊल, पस्तीसेक तरी, अजून फडच आहेत, आणि हल्ली जास्तच विनोदी झालेत. बारापैकी सहा सामने जिंकलेला संघही तिथे पोचतो. पॉप-टार्ट्स या बिस्किटवजा खाऊच्या कंपनीच्या बाऊलमध्ये 2023 साली जिंकलेल्या संघाने मैदानावर चक्क शुभंकरच खाल्ला: नाचणारं पॉप-टार्ट एका अवाढव्य टोस्टरमध्ये उतरलं आणि खालून खायचं पॉप-टार्ट बाहेर आलं. बॉयसीच्या निळ्या मैदानावर बटाट्याचा बाऊल होतो, तिथे जिंकलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर फ्रेंच फ्राइजची बादली ओततात. तारांकित खेळाडू अशा सामन्यांतून अंग काढून घेतात. 2016 च्या अखेरीस लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री यांनी ते केलं तेव्हा टीका झाली होती, आता कुणी भुवईही उंचावत नाही. आणि का उंचवावी? जानेवारीत गुडघा गेला तर व्यावसायिक लीगच्या करारातले लाखो डॉलर जातात. इयन जॉन्सन आणि मंडळी खेळली तेव्हा तर खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायची परवानगीच नव्हती, प्रशिक्षकांचे पगार मात्र लाखो डॉलरांत. नावाचे आणि जाहिरातींचे पैसे खेळाडूंना 2021 पासून घेता येतात, विद्यापीठाकडून थेट वाटा 2025 पासून.

बारा संघांच्या पहिल्याच बाद फेरीत बॉयसी स्टेट होतं. नियम असा होता की पहिली चार मानांकनं गटविजेत्यांनाच, त्यामुळे त्यांना तिसरं मानांकन आणि पहिल्या फेरीतून सूट मिळाली. 31 डिसेंबर 2024 रोजी फिएस्टा बाऊलमध्ये त्यांची गाठ पेन स्टेटशी पडली. या वेळी बॉयसीकडे अ‍ॅश्टन जेंटी होता, हाइजमन या देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात दुसरा आलेला. पेन स्टेटच्या बचावाने त्याला फारसं हलू दिलं नाही आणि बॉयसी 31-14 हरलं. मोसम संपायच्या आत 'छोट्यांना एवढं वरचं मानांकन कशाला' ही कुरकुर सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी गटविजेत्यांची ती राखीव मानांकनं काढून टाकली. आता मानांकन समितीच्या क्रमवारीप्रमाणेच मिळतं.